बायांच्या सावडीतला लोडर

माझ्या ट्रॅक्टरला पुढे लोखंडाचं एवढं मोठं सूप कशाला, असं मला फार जणांनी विचारलंय. विचारणारा आधी हसतो, मग विचारतो. भातशेतीतला माणूस ट्रॅक्टरच्या मागे काय जोडलंय ते बघतो. पुढे बघायची त्याला सवय नाही. बायको होती तोवर मी सांगायचो, तिला विचारा. आता मलाच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. शाळा माझी चौथीपर्यंत. वाचताना कुठे अडखळलात तर चूक माझी.

हे सगळं तिच्या मानेपासून सुरू झालं.

आमची शेती शहापूर तालुक्यात, डोंगराच्या उतरणीला. एकाखाली एक खाचरं, प्रत्येकाला बांध. बैलगाडी खालच्या रस्त्यापर्यंत येते, तिथून पुढे सगळं डोक्यावर. माघ लागला की उकिरडा उकरायचा, शेणखत पाट्यांत भरायचं आणि राबाच्या तुकड्यात, म्हणजे जिथं भाताचं रोप करायचं तिथं, नेऊन पसरायचं. त्याच्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्याला आम्ही कवळ म्हणतो, मग पातेरा, म्हणजे सुकी पानं, वरून माती, आणि मग पेटवून द्यायचं. असा भाजलेला राब असला की भाताचं रोप जोमात येतं. फांद्या तोडायचं आणि पेटवायचं काम बाप्यांचं, शेणं वाहायचं काम बायांचं. हे कोणी ठरवलं ते मला ठाऊक नाही. कोणा बाप्यानंच ठरवलं असणार.

ह्या वाहतुकीला बायांची सावड असते. आमच्या सावडीत सात घरं, सात बाया. आज सगळ्या जणी एकीच्या राबावर, उद्या दुसरीच्या. ह्याच सात जणी आषाढात लावणीलाही एकमेकींकडे जायच्या. माघात जी आली नाही तिच्या लावणीला कोण येणार? असं तोंडावर कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना कळतं. मजूर बघायला जाल तर गावातली तरणी माणसं सकाळीच आसनगाव स्टेशनला, नाहीतर वाशिंदच्या कारखान्यात. सावड होती म्हणून आमची शेती चालली होती.

नव्वद सालानंतर कधीतरी तिची मान धरायला लागली. पहिले दोन-तीन हिवाळे तेलावर आणि गरम विटेच्या शेकावर गेले. मग भाकरी थापताना बोटांना मुंग्या यायला लागल्या. शहापूरला डॉक्टरनं फोटो काढला आणि बोलला, मणका झिजलाय, डोक्यावर ओझं बंद, कायमचं.

"डॉक्टर, पाटी कंबरेवर घेतली तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

त्या माघात ती नेहमीसारखी पाटी आणि चुंबळ घेऊन सावडीत गेली. बायांना मानेचं ठाऊक होतं. त्यांच्यात सगळ्यात मोठी एक काकी, अख्ख्या गावाची काकी. तिनं हिच्या हातातली पाटी काढून घेतली आणि बोलली, "तू सावलीत बस गो बाय. आमाला पानी दे, झालं." ही दिवसभर सावलीत बसून पाणी देत राहिली. संध्याकाळी घरी येऊन जेवली नाही.

"बरं झालं ना, आराम मिळाला," मी बोललो.

"सहा जणी वाहतात आन् मी बसून बघते. ह्याला सावड नाय बोलत. उद्यापासून मी जायची नाय."

"आन् मग लावणी?"

"तेच तर. ज्यांचं मी केलं नाय त्यांना कोणत्या तोंडानं बोलवू?"

तीस वर्षं ती त्या बायांत होती. तिची बाळंतपणं त्यांनी काढली, त्यांची हिनं. सावडीतून बाहेर पडली असती तर उरली असती नुसती माझी बायको, आणि ते काही फार मोठं पद नव्हतं. पण हे मला आज कळतंय. तेव्हा मला वाटलं, दोन दिवस रुसेल आणि जेवेल.

माझ्या डोक्यात तेव्हा ट्रॅक्टर घोळत होता. बैल थकले होते आणि मुलगा वाशिंदला कामाला लागला होता. मोठा ट्रॅक्टर आमच्या बांधांवरून उतरत नाही, म्हणून छोटाच बघायचा होता. दोन सापडले. एक शहापूरला, जवळपास नवा, लाल, चकचकीत. दुसरा मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला, एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर. तो जुना, आणि त्याला पुढे दोन लोखंडी हात आणि हातांना पत्र्याचं रुंद सूप. लोडर. झाडांसाठी माती इकडची तिकडे करायला मुंबईवाल्यानं बसवून घेतलेला.

तिला नुसतं बघायला म्हणून बरोबर नेलं. निघताना बघतो तर हिच्या काखेत पाटी. मुरबाडच्या एसटीत कंडक्टर बोलला, "मावशी, पाटी रिकामीच?"

"येताना भरून आनीन," ती बोलली.

फार्महाऊसवर मी ट्रॅक्टरचे टायर बघत होतो, ऑइल बघत होतो, इंजिनाचा आवाज ऐकत होतो. ही फावडं मागून घेऊन पाटीत माती भरत होती. पाटी भरली की ओढत नेऊन सुपात ओतायची. एक, दोन, तीन. तिथला राखणदार हसायला लागला.

"मावशी, ट्रॅक्टर घ्यायला आलात की माती चोरायला?"

"तुजी माती तुलाच ठेवून जाते. गप उभा रा."

अकरा पाट्या बसल्या. अकरावी ओतल्यावर ती तिथंच मातीचे हात घेऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू मी लग्नातही बघितलं नव्हतं. लग्नात तोंड झाकलेलं होतं, ते सोडा.

मी बोललो, "हे पुढचं धूड आपल्या कामाचं नाय. चिखलात नाक खुपसंल. बांधाशी वळायचं नाय. त्यापेक्षा शहापूरचा बरा."

"शहापूरच्याला तोंड नाय."

"तोंड घरात हाय की एक."

राखणदार खदखदून हसला. ती नाही हसली. "घ्यायचा तर हाच," ती बोलली, आणि पाटी झटकून काखेत मारली.

घेतला. घेताना मी मनात ठरवलेलंच होतं की घरी नेला की लोडर काढून बाजूला टाकायचा. किन्हवलीच्या रस्त्यानं मी तो चालवत आणला, ही मडगार्डवर पदर तोंडाला बांधून बसलेली. गावात शिरताना ज्याला त्याला सुपाकडे बोट करून दाखवत होती. त्या अवजाराला सूप हे नाव तिनंच पाडलं.

आता जे लिहितो ते मला शोभत नाही, पण खरं आहे. जेठाच्या शेवटाला ती तीन दिवस माहेरी गेली, उंबरमाळीकडे. ती गाडीत बसली आणि मी शहापूरच्या मेकॅनिकला बोलावलं. दोन पिना ठोकून काढल्या, ऑइलच्या दोन नळ्या सुट्या केल्या, अर्ध्या तासात लोडर जमिनीवर. मेकॅनिक जाताना बोलला, "दादा, सपाट जागेवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. नळ्यांची तोंडं बांधा. नायतर परत बसायचा नाय." मी हो बोललो. लोडर गोठ्याशेजारी जांभळाखाली उतारावर पडला होता, तिथंच राहिला.

ती आली. ट्रॅक्टरकडे बघितलं, मग जांभळाकडे.

"काढलंत."

"पावसापुरतं."

"माघात बसवाल?"

"बसवीन की. दोन पिना तर हायत."

खरं सांगायचं तर चिखलणी झकास झाली. पुढचं वजन गेलं तसा ट्रॅक्टर खाचरात भोवऱ्यासारखा फिरला. शेजारचे बांधावर उभे राहून बघायचे आणि मी उगाच एखादा फेरा जास्त मारायचो. बायाही लावणीला आल्या. तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं, ह्या माघात माझ्या वाटचं माझं सूप वाहील. त्या शब्दावर त्या आल्या होत्या. मला हे ठाऊक नव्हतं.

देवदिवाळी झाली तशी ती आठवण करून द्यायला लागली. मी ‘उद्या’ बोलायचो. पौषात ती रोज विचारायला लागली, मी रोज ‘उद्या’ बोलायचो. काकीच्या राबावर सावडीचा पहिला दिवस, त्याच्या आदल्या दिवशी मी जांभळाखाली गेलो. पावसाळ्यात उतारावरची माती खचून लोडरची एक बाजू हातभर खाली गेली होती. दोन्ही हात वाकडेतिकडे. ट्रॅक्टर पुढे नेऊन बघितला, एका बाजूचं भोक जुळलं तर दुसऱ्या बाजूचं वीतभर लांब. आणि नळ्यांच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीची घरं करून ती गच्च बुजवलेली. मेकॅनिक आला, बघून बोलला, "मी सांगितलं होतं. उचलायला पाच-सहा गडी आना, मग मला बोलवा." पाच-सहा गडी कुठून आणणार? सगळे कामावर.

सकाळी तिनं पाटी घेतली, चुंबळ घेतली.

"अगो, मान?"

"हाय अजून धडावर. तुमी तुमचं सूप बघा."

मी मागोमाग गेलो. काकीच्या उकिरड्यावरून सातही जणी ओळीनं निघाल्या, ही शेवटची. बाकीच्यांचा एक हात पाटीला, एक मोकळा. हिचे दोन्ही हात पाटीला. मान ताठ, डोळे समोर, आणि चालता चालता दर पावलाला ओठ आत ओढायची. आवाज येऊ नये म्हणून. पहिला बांध चढताना ती थांबली. पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

मी पुढे झालो, तिच्या डोक्यावरची पाटी उचलली आणि माझ्या डोक्यावर घेतली. चुंबळ तिच्याच डोक्यावर राहिली. सुकं शेण माझ्या कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून मिशीत. बाप्या माणूस बायांच्या ओळीत शेणाची पाटी घेऊन चाललेला आमच्या गावात कोणी बघितला नव्हता. पुढच्या सहा जणी वळल्या आणि तिथंच पाट्या उतरवून हसत सुटल्या.

"भावजी, लुगडं देऊ का?"

"अगो मान बघ त्याची! कोंबड्यावानी हालते!"

"डोळं उघड रे दादा, राब तिकडं ऱ्हायला!"

मी पाटी खाली टाकली आणि जे होतं ते सांगितलं. ही माहेरी गेली असताना मी लोडर काढला, मेकॅनिकनं सांगितलेलं ऐकलं नाही, आता तो बसत नाही, आणि ही सगळी माझी चूक, हिची नाही. सहा बायांसमोर बायकोची बाजू घेऊन बोलायची माझी पहिलीच वेळ. हसू थांबलं. काकीनं पदर खोचला.

"मग इथं काय शेन खातोस? चला गो सगळ्या."

सगळ्या जणी आमच्या अंगणात आल्या. गोठ्याचे दोन वासे काढले, लोडरच्या हातांखाली सरकवले, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. मेकॅनिकला निरोप गेला, तो हातोडा घेऊन धावत आला. हिला कोणी उचलू दिलं नाही, तर ही नळ्या मांडीवर घेऊन बसली आणि केसातल्या आकड्यानं कुंभारमाशीची माती कोरून काढायला लागली. काकी आरोळी द्यायची आणि सहा जणी एकदम उचलायच्या. मी ट्रॅक्टर बोटभर पुढे, बोटभर मागे.

"बायांनो, बोटं सांभाळा," मेकॅनिक बोलला.

"तू तुजी सांभाळ, आमची भाकऱ्या करायला लागतात."

तिसऱ्या आरोळीला एक पिन गेली, पाचव्याला दुसरी. नळ्या जोडल्या. मी दांडा ओढला, आणि ते सूप हळूहळू वर उठलं. जांभळाचा सुका पाला, पावसाचं गढूळ पाणी, एक बेडूक, सगळं माझ्या बोनेटवर सांडलं. बायांनी असा कल्ला केला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

मग तिथंच वाद सुरू झाला. सावडीत हे सूप किती बायांचं धरायचं? एका खेपेत अकरा पाट्या, आणि दमणं नाही. एक बोलली तीन बायांचं धरा, दुसरी बोलली पाच. काकी बोलली, पाच धरलं तर लावणीला हिच्याकडे आपण पाचदा जायला पायजे, हिशोबच सरायचा नाय. मी मनात खूश. पाच बाया म्हणजे माझी लावणी दोन दिवसांत.

माझी बायको उठली. आकडा केसात खोवला.

"एकीचं धरा. माज्या एकीचं. त्याच्यावर धरलंत तर मी सूप काढून परत जांभळाखाली टाकीन."

"आन् भावजीचं काय धरायचं?"

"तो ड्रायवर हाय. त्याला चहा द्या."

असं ठरलं आणि तसंच चाललं. त्या माघात सातही घरांची शेणं सुपानं वाहिली. बायांनी फक्त फावड्यानं भरायची आणि राबात पसरायची. छोटा ट्रॅक्टर म्हणून बांधाला खांड पाडून खालच्या खाचरात उतरायचा. ती पुढे चालायची, हात वर केला की थांब, हात हलवला की ये. घरात मी तिचं एक ऐकायचो नाही, पण त्या हाताच्या बाहेर एक फूट गेलो नाही.

लोडर काढायचा की ठेवायचा, ह्याचा निकालही तिनंच लावला. काढायचा, कारण चिखलात तो खरंच नडतो. त्या बाबतीत माझं बरोबर होतं, हे तिनं कबूल केलं, एकदाच. पण काढायचा तो पडवीच्या सपाट जमिनीवर, ठोकळ्यांवर, नळ्यांच्या तोंडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. आणि देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी परत बसवायचा, त्या दिवशी दुसरं काम काढायचं नाही. कोणी ट्रॅक्टर घेताना मला विचारायला आलं की मी हेच सांगतो. पुढे लोडर असलेला घ्यायला घाबरू नका, तो काढता येतो. कुठे ठेवणार आणि कधी बसवणार ते मात्र आधी घरात विचारा.

सात-आठ वर्षं असं चाललं. एका भादव्यात तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. त्यात मानेचा काही संबंध नव्हता, कोणाचाच नव्हता. मी त्यावर जास्त लिहू शकत नाही.

लोडर पडवीत ठोकळ्यांवर होता. देवदिवाळी आली, गेली. मी बसवला नाही. कशाला बसवायचा? मुलगा बोलला, "बाबा, आई नाय. आता आपलं शेन कोन भरनार, कोन पसरनार? तुमी एकटे. राब सोडा, खताच्या गोण्या आणू. ते लोखंड देऊन टाका." वाईट नव्हता बोलत. वाशिंदच्या बाजूचा एक वीटभट्टीवाला लोडर घ्यायला तयार होता. पौषात तो टेम्पो घेऊन आला. आम्ही पडवीत उभे राहून लोडर टेम्पोत कसा चढवायचा ते बघत होतो, तेवढ्यात काठी टेकत काकी आली. माघाच्या सावडीचे दिवस ठरवायला ती दर वर्षी घरोघर फिरते. तिनं टेम्पोकडे बघितलं, भट्टीवाल्याकडे बघितलं.

"तुजा दिवस कंचा धरू?"

"कसला दिवस काकी? ती नाय आता."

"ते मला सांगतोस? मीच आंघोळ घातली तिला. मी दिवस इचारते."

"सावडीत बाया असतात, काकी. मी काय करू त्यांच्यात?"

"सावडीत घर असतं रे येड्या. तुजं घर पडलं काय?"

भट्टीवाला मधे बोलायला गेला, "आजी, आमचं ठरलंय..."

"तू चहा पी आन् जा," काकी बोलली.

त्यानं चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना मला काय काय बोलला ते इथं लिहीत नाही. रविवारी मुलगा घरी होता, मेकॅनिकला बोलावून आम्ही लोडर बसवला. सपाटीवर होता, पहिल्याच खेपेला बसला.

माघाचा पहिला दिवस काकीच्याच राबावर. मी उजाडल्या उजाडल्या जाऊन उकिरड्याशी ट्रॅक्टर लावून बसलो. बाया आल्या. मला वाटत होतं कोणी काहीतरी बोलेल, तिच्याबद्दल, किंवा माझ्याबद्दल. त्यांनी फावडी घेतली आणि सूप भरायला लागल्या. "खाली घे भावजी. आनखी खाली. बघून, कोंबडी हाय," एवढंच.

दुपारी सगळ्या आंब्याखाली जेवायला बसल्या. मी सवयीनं ट्रॅक्टरच्या सावलीला गेलो. ड्रायवरची जागा तीच.

"तुला काय अक्षदा पाठवायच्या?" काकी ओरडली. "ये इकडं."

गेलो. दोघी जणी सरकल्या, मधे जागा झाली. कोणाची सून, कोणाच्या विहिरीचं पाणी, कोणाच्या नवऱ्याचं पिणं, त्यांचं बोलणं चालूच होतं. मी बसलो म्हणून कोणी आवाज खाली केला नाही. एकीनं माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर सुकटीची चटणी.

"मीठ कमी हाय," मी बोललो.

"मग उद्या तू कर," काकी बोलली. "उद्या तुज्याकडंच हाय दिवस. सगळ्यांचं करून आन."

घरी आलो आणि तांदळाचं पीठ चाळायला बसलो.